नादारीचे कागद वाचायला शिका
(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचे टिपण)



दिवाळी सरते, पहिली-दुसरी वेचणी घरात येते आणि खेडा खरेदीच्या गाड्या गावात फिरू लागतात. कापूस मोजला जातो, चिठ्ठी दिली जाते. "आठ दिवसांनी या, पैसे मोजून देतो." आठाचे पंधरा होतात, पंधराचा महिना होतो. मग एक दिवस बातमी येते की व्यापाऱ्याने हात वर केले. दुकानाला कुलूप, मोबाइल बंद. आम्ही गावोगाव फिरतो. कोरडवाहू पट्ट्यात हे वाक्य ऐकले नाही असा एक हंगाम जात नाही.

यानंतर आपण काय करतो? चार-पाचजण मिळून त्याच्या घरी जातो. घरातली म्हातारी सांगते, तो इथे नाही. मग पोलीस ठाणे. तिथे सांगतात, हा पैशाच्या देण्याघेण्याचा मामला आहे, दिवाणीत जा. दिवाणी म्हटले की आपले पाय गळतात. चिठ्ठी देवळीत जाते, देवळीत उंदीर असतातच. संपला व्यवहार.

आम्ही शेतीची पदवी घेतली तेव्हा मातीचा अहवाल वाचायला शिकलो. सामू किती, सेंद्रिय कर्ब किती, स्फुरद-पालाश किती. पऱ्हाटीचे पान लाल पडले तर मॅग्नेशियम कमी की पाण्याचा ताण, हे ओळखायला शिकलो. पण ज्या कागदावर वर्षभराच्या कापसाचे पैसे अडकून पडतात, तो कागद कुठे असतो आणि कसा वाचायचा, हे कोणत्याच वर्गात शिकवले नाही. संघटनेच्या कामात ते शिकावे लागले. जे शिकलो ते आज तुमच्यापुढे मांडतो. आज घोषणा कमी आहेत. वही-पेन काढा.

कागद जाळण्यापासून कागद वाचण्यापर्यंत

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. त्या दंगलीत शेतकऱ्यांनी मुख्यतः काय मागितले? धान्य नाही, दागिने नाहीत. त्यांनी खते, रोखे आणि हिशोबाच्या वह्या मागितल्या आणि त्यांची होळी केली. आपण ज्या कागदाने बांधले गेलो आहोत तो कागद आपल्याला वाचता येत नाही, एवढे त्यांना पक्के कळले होते. वाचता येत नाही तर जाळा, हा त्यांचा उपाय होता.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. तो सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. रोख्यावर काय लिहिले आहे एवढ्यावर न थांबता मुळापासून हिशोब तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयाला दिला. त्या कायद्यात शेतकऱ्याच्या नादारीवर स्वतंत्र प्रकरण होते. तेव्हा नादारी हा शब्द शेतकऱ्याला नवा नाही. शंभर-सव्वाशे वर्षांत आपण तो विसरलो आणि व्यापाऱ्याने तो चांगला लक्षात ठेवला.

नादारी म्हणजे काय? देणे आहे, पण देण्यापुरती मालमत्ता नाही, असे न्यायालयाने ठरवणे. गावात कुणी "दिवाळे काढले" असे म्हणतात, त्याला कायद्यात अर्थ नाही. न्यायालयाचा आदेश असेल तरच माणूस नादार. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा: याने नुसते कुलूप लावले आहे, की खरोखर अर्ज केला आहे?

तीन दारे

कोणत्या दाराशी जायचे, हे तुमचा कापूस कुणी घेतला यावर अवलंबून असते. म्हणून हाताशी असलेली पावती आधी नीट पाहा.

पावतीवर नुसते माणसाचे नाव किंवा "अमुक ट्रेडर्स" असेल तर तो एकटा मालक किंवा भागीदारी असण्याचा संभव जास्त. त्याचे नादारीचे प्रकरण जिल्हा न्यायालयात चालते. कायदा आहे १९२० चा प्रांतिक नादारी कायदा.

नावापुढे "प्रायव्हेट लिमिटेड", "लिमिटेड" किंवा "एलएलपी" असेल तर प्रकरण राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे जाते. महाराष्ट्रातल्या कंपनीसाठी मुंबईचे खंडपीठ. कायदा आहे २०१६ ची दिवाळखोरी संहिता.

सहकारी संस्था असेल, सूतगिरणी किंवा जिनिंग-प्रेसिंग सोसायटी, तर १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली तिचे अवसायन होते. कलम १०२ खाली आदेश निघतो, कलम १०३ खाली अवसायक नेमला जातो. कागद निबंधकाच्या दप्तरी असतात. सभासद म्हणून ते मागण्याचा तुमचा हक्क आहेच, घेणेकरी म्हणूनही अवसायकाकडे लेखी दावा द्यायचा आणि पोच घ्यायची.

काही शिकलेले लोक म्हणतात, २०१६ चा कायदा आला, आता १९२० चा गेला. तसे नाही. २०१६ च्या संहितेत साध्या माणसाच्या नादारीचा भाग लिहिलेला आहे, पण तो सगळ्यांना लागू केलेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता सुरू झाला. बाकी माणसांसाठी १९२० चाच कायदा चालतो. २०१७ साली केंद्र सरकारनेही तसा खुलासा केला होता.

जिल्हा न्यायालयात कागद कसा शोधायचा

पहिली गोष्ट, जिल्हा कोणता? तुमचा नव्हे, त्याचा. तो जिथे नेहमी राहतो किंवा धंदा करतो तिथल्या न्यायालयात अर्ज होतो. व्यापारी परजिल्ह्यातला किंवा परराज्यातला असेल तर शोध तिकडे घ्यावा लागेल. सरकार अधिसूचनेने खालच्या न्यायालयालाही हे काम देऊ शकते. म्हणून जिल्हा न्यायालयात नोंद सापडली नाही तर दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर, यांच्याकडेही चौकशी करा.

दुसरी गोष्ट, नाव. ई-कोर्ट्स या सरकारी संकेतस्थळावर किंवा मोबाइलच्या अ‍ॅपवर जिल्हा आणि न्यायालय निवडून पक्षकाराचे नाव आणि वर्ष टाकले की प्रकरणे दिसतात. घरातला कॉलेजात जाणारा मुलगा-मुलगी हे पाच मिनिटांत करील. पण नावाच्या चार तऱ्हा करून बघा. आडनाव आधी, आडनाव नंतर, वडिलांच्या नावासह, दुकानाच्या नावाने. स्पेलिंगच्या एका अक्षराने प्रकरण लपते. सापडले की सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक उतरवून घ्या. तो त्या प्रकरणाचा सातबारा समजा. पुढची तारीख, रोजनामा, आदेश, सगळे त्या क्रमांकाने मिळते.

तिसरी गोष्ट, नक्कल. संकेतस्थळावर आदेश दिसतात, पण मूळ अर्ज आणि त्याच्या याद्या बहुधा दिसत नाहीत. त्यासाठी न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करायचा. प्रकरणात तुमचे नाव घेणेकरी म्हणून असेल तर सोपे. नसेल तर तुम्ही तिऱ्हाईत ठरता. तिऱ्हाइताला कारण लिहून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. कारण साधे लिहा: "सदर इसमाकडून कापसाच्या किमतीपोटी माझे इतके रुपये येणे आहे, चिठ्ठी जोडली आहे." एवढे पुरते. इथे माहिती अधिकाराचा अर्ज करून वेळ घालवू नका. न्यायालयीन कागदांच्या नकला न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनीच मागाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० च्या निकालात ठरवले आहे.

चौथी गोष्ट, राजपत्र. नादार ठरवल्याच्या आदेशाची सूचना शासकीय राजपत्रात छापावी लागते. त्यात नाव, पत्ता, आदेशाची तारीख, न्यायालय आणि सुटकेच्या अर्जाची मुदत असते.

अर्जात काय वाचायचे

नक्कल हाती आली. पाने पुष्कळ, भाषा अवघड. घाबरू नका. माती परीक्षणाच्या अहवालात तीन-चार आकडे कामाचे असतात, तसेच इथे. कर्जदाराने स्वतः केलेल्या अर्जात काय असावे हे कलम १३ सांगते. देणे फेडता येत नाही असे निवेदन, राहण्याचे ठिकाण, अटक किंवा जप्तीचा आदेश असल्यास कोणत्या न्यायालयाचा, सगळ्या घेणेकऱ्यांची नावे-पत्ते आणि रकमा, सगळ्या मालमत्तेचा तपशील व किंमत, आणि पूर्वी असा अर्ज केला होता का.

आधी घेणेकऱ्यांची यादी काढा. आपली नावे आहेत का? बहुतेक वेळा बँकेचे नाव असते, अडत्याचे असते, शेतकऱ्यांची नावे नसतात. "विविध किरकोळ देणी" अशा एका ओळीत अख्खे गाव गुंडाळलेले असते. आणखी एक बघा. यादीत मेहुणा, साडू, पुतण्या यांची मोठी देणी अचानक उगवली आहेत का? पऱ्हाटीत एका पावसात तण माजते, तसा अर्जाच्या आधी नातेवाइकांचा कर्जाचा डोंगर उगवतो.

मग मालमत्तेची यादी. तुम्ही त्याच बाजारात वावरता. त्याचा प्लॉट कुठे, गोदाम कुठे, ट्रॅक्टर-ट्रक किती, हे वकिलापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे. यादीत जे नाही त्याची वेगळी यादी करा आणि सातबारा, मालमत्ता पत्रक, नगरपालिकेचा उतारा काढून जोडा.

मागच्या दाराने गेलेला माल

आता या कायद्यातली सर्वात कामाची दोन कलमे सांगतो. नादार ठरवण्याच्या अर्जापूर्वी दोन वर्षांच्या आत त्याने खऱ्या मोबदल्याशिवाय कुणाच्या नावे मालमत्ता केली असेल आणि त्या अर्जावर तो नादार ठरला, तर कलम ५३ खाली न्यायालय तो व्यवहार रद्द करू शकते. अर्जापूर्वी तीन महिन्यांच्या आत एका घेणेकऱ्याला इतरांपेक्षा झुकते माप देण्यासाठी पैसे दिले किंवा मालमत्ता दिली असेल, तर ते कलम ५४ खाली मोडता येते. हे मागायचे कुणी? रिसीव्हरने. तो मागत नसेल तर न्यायालयाच्या परवानगीने, आपले येणे सिद्ध केलेल्या कोणत्याही घेणेकऱ्याने. म्हणजे तुम्हीसुद्धा.

याने फरक किती पडतो ते बघा. हिशोब आमचा आहे, समजण्यापुरता.

समजा एका व्यापाऱ्याची सारी मालमत्ता विकून ४० लाख येतात. त्यातली तारण मालमत्ता विकून बँक आपले २८ लाख घेऊन बाजूला होते, कारण तारणवाला घेणेकरी या वाटपाच्या बाहेर असतो. राहिले १२ लाख. रिसीव्हरचा खर्च आणि सरकारी देणी मिळून २ लाख गेले. राहिले १० लाख. बिनतारण घेणेकरी ५० लाखांचे. म्हणजे रुपयामागे वीस पैसे. तुमचे ६० हजार येणे असेल तर हाती १२ हजार.

आता समजा त्याने अर्जापूर्वी आठ महिने १५ लाखांचा प्लॉट मेहुण्याला फुकट लिहून दिला होता. तुम्ही तो शोधून काढला आणि न्यायालयाने व्यवहार रद्द केला. वाटायला १० ऐवजी २५ लाख आले. रुपयामागे पन्नास पैसे. तुमचे १२ हजारांचे ३० हजार झाले. एक खरेदीखत वाचल्याचे हे मोल. आम्ही एवढ्या खताच्या मात्रा सांगितल्या, पण कागदाच्या एका खताइतके उत्पन्न वाढवणारे दुसरे खत आम्हाला माहीत नाही.

आपले नाव यादीत कसे घालायचे

नादार ठरवल्याचा आदेश झाला की त्याची मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते. त्यानंतर न्यायालयाच्या परवानगीवाचून कुणालाही वेगळी जप्ती आणता येत नाही. घेणेकऱ्यांनी येणे सिद्ध करायचे आणि न्यायालय यादी करते. सिद्ध करण्याची रीत कलम ४९ मध्ये आहे आणि ती गरिबाला परवडणारी आहे. आपल्या येण्याचे प्रतिज्ञापत्र करायचे, त्यात रक्कम, तारखा आणि पुरावे लिहायचे, आणि ते न्यायालयात द्यायचे किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवायचे. उशीर झाला तरी नादाराची सुटका होण्यापूर्वी यादीत नाव घालण्याचा अर्ज करता येतो. पण तोवर झालेले वाटप मोडत नाही. म्हणून उशीर करू नका.

क्रम काय? कलम ६१ प्रमाणे आधी सरकार आणि स्थानिक संस्था, सोबत कारकून-नोकर-मजुरांची चार महिन्यांच्या आतली मजुरी. मजुरी किती? माणशी वीस रुपयांपर्यंत! १९२० सालचे वीस रुपये. तेव्हा ती मजुराची महिन्याभराची सोय होती, आज एका चहा-नाश्त्याला पुरत नाही. शंभर वर्षे झाली, कुणाला हा आकडा बदलावासा वाटला नाही. गिरणीतल्या हमालाला यादीत मान आहे, पैसा नाही. उरलेले सगळे बिनतारण घेणेकरी, त्यात आपण, एकाच ओळीत प्रमाणात वाटून घेतो.

त्याने अर्ज केलाच नसेल तर?

तर अर्ज आपण करू शकतो. देणे चुकवण्याच्या किंवा लांबवण्याच्या हेतूने राहते घर किंवा धंद्याची जागा सोडून जाणे, ही कायद्याने "नादारीची कृती" आहे. म्हणजे कुलूप लावून पसार होणे हाच आपला आधार होऊ शकतो. येणे किमान पाचशे रुपये हवे आणि अनेकांनी एकत्र अर्ज केल्यास सर्वांची बेरीज धरतात. अट एकच, आणि ती कडक आहे. ती कृती घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज झाला पाहिजे. आपण काय करतो? "संक्रांतीपर्यंत बघू, होळीपर्यंत बघू." होळीला बघायला जाता तेव्हा मुदत जळून गेलेली असते.

हा मार्ग घ्यायचा की साधा वसुलीचा दावा लावायचा, हे वकिलाला विचारून ठरवा. साध्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. त्याच्याकडे मालमत्ता दिसत असेल आणि घेणेकरी थोडे असतील तर साधा दावा बरा. घेणेकरी पुष्कळ आणि मालमत्ता नातेवाइकांकडे गेलेली, तर नादारीचा अर्ज बरा. आणि व्यापारी बाजार समितीचा परवानाधारक असेल तर समितीकडे लेखी तक्रार पहिल्याच आठवड्यात द्या, त्याची अनामत किंवा हमी काय आहे ते विचारा.

कंपनी बुडते तेव्हा

कंपनीची तऱ्हा वेगळी. तिथे न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला की व्यवस्थापन तात्पुरत्या व्यावसायिकाच्या हाती जाते आणि जाहीर सूचना निघते. ती एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतल्या वर्तमानपत्रात येते, आणि दिवाळखोरी मंडळाच्या संकेतस्थळावरही लागते. त्यात कंपनीचे नाव, व्यावसायिकाचा पत्ता आणि दावे देण्याची शेवटची तारीख छापलेली असते. ती तारीख पेरणीच्या वाफशासारखी समजा. हुकली की पुढे ओढाताण.

कापूस विकणारा शेतकरी इथे "परिचालन घेणेकरी" ठरतो. त्याचा दावा नमुना 'ब' मध्ये. कंपनीतल्या कामगारांचा नमुना 'ड' मध्ये. कंपनीला या मार्गावर खेचायचे तर २४ मार्च २०२० पासून किमान एक कोटीची थकबाकी लागते, पूर्वी ती एक लाख होती. पण दुसऱ्या कुणी खेचल्यावर आपला दावा देण्याला अशी मर्यादा नाही. पाच हजारांचाही देता येतो.

इथला क्रम मात्र आपल्याला जड आहे. मालमत्ता विकायची वेळ आली तर आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची चोवीस महिन्यांची देणी आणि तारण सोडलेले घेणेकरी बरोबरीने, मग इतर कर्मचारी, मग बिनतारण वित्तीय घेणेकरी, मग सरकारी देणी, आणि त्यानंतर उरलेले घेणेकरी घेतील ते. आपण त्या उरलेल्यांत. घेणेकऱ्यांच्या समितीत मत बँकांना. परिचालन घेणेकऱ्यांचे एकूण येणे दहा टक्क्यांवर गेले तर त्यांच्या प्रतिनिधीला बसायला मिळते, मत तरीही नाही. बसायला मिळणेही थोडे नाही, कारण बसणाऱ्याला कागद मिळतात. म्हणून गावागावांचे दावे सुटे न देता एकाच वेळी, एकाच बेरजेने द्या.

आणि कागद वाचल्यावर आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरते. आलोक इंडस्ट्रीज ही कापडधंद्यातली मोठी कंपनी २०१७ साली या प्रक्रियेत गेली. वित्तीय घेणेकऱ्यांचे मान्य दावे सुमारे २९,५०० कोटींचे. २०१९ साली मंजूर झालेल्या योजनेत त्यांना मिळाले सुमारे ५,००० कोटी. रुपयामागे सतरा पैसे. ब्याऐंशी-त्र्याऐंशी पैसे बँकांनी सोडले. याला ते 'हेअरकट' म्हणतात. शेतकऱ्याच्या कर्जमुक्तीची भाषा निघाली की अर्थव्यवस्था बुडाल्याची ओरड होते, आणि कापसाचे कापड करणाऱ्याचे कर्ज सुटले तर ती सुधारणा. आम्ही कंपनी वाचवू नका म्हणत नाही. कारखाना चालला तर रुईला गिऱ्हाईक राहते. आमचे म्हणणे एवढेच की हिशोब एकच लावा.

शेतकरी स्वतः नादार होतो तेव्हा

हे बोलणे अवघड आहे, पण टाळून चालणार नाही. या मांडवात असे अनेक आहेत की ज्यांचे देणे मालमत्तेपेक्षा मोठे आहे.

१९२० चा कायदा शेतकऱ्यालाही खुला आहे. देणे पाचशे रुपयांवर असेल, किंवा हुकूमनाम्याखाली अटक किंवा जप्ती असेल, तर तो अर्ज करू शकतो. पण भ्रम नको. जमीन तारण असलेल्या बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा याने उतरत नाही. सरकारी देणेही सुटत नाही. नादार ठरलेल्याला सुटका होईपर्यंत स्थानिक संस्थेची निवडणूक लढवता येत नाही. आणि ही गोष्ट न सांगता पन्नास रुपयांवर उधारी घेणे हा गुन्हा आहे. हा रस्ता मुख्यतः खासगी, बिनतारण कर्जाने गळ्याशी आलेल्यांसाठी आहे.

दुसरी बाजूही ऐका. नादारीतसुद्धा सगळे जात नाही. दिवाणी संहितेचे कलम ६० सांगते की शेतकऱ्याची अवजारे, त्याच्या उपजीविकेला लागणारी गुरे आणि बियाणे, आणि तो राहत असलेले घर जप्त करता येत नाही. ते नादारीतही रिसीव्हरकडे जात नाही. तारण कर्जवसुलीच्या २००२ च्या कायद्याने बँकांना थेट जप्तीचा अधिकार दिला, त्यातून शेतजमीन वगळली आहे. आणि नुसते पैसे नाहीत म्हणून कुणाला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली स्पष्ट केले आहे. दारात येऊन "आत टाकीन" म्हणणाऱ्याला हे सांगा.

आणि सर्वात महत्त्वाचे. मालमत्ता देण्याच्या रुपयामागे आठ आणेही भरत नसेल तर न्यायालय बिनशर्त सुटका नाकारते. पण त्यालाच जोडून कायदा म्हणतो: ज्या परिस्थितीचा दोष कर्जदाराला देता येत नाही अशा परिस्थितीने तसे झाले, हे त्याने पटवले तर ही अडचण राहत नाही. आठ आणे म्हणजे पन्नास पैसे. आपल्या गावाची पैसेवारीही पन्नासच्या आत आली की वाईट वर्ष धरतात. मग पटवायचे कशाने? महसूल मंडळाच्या पावसाच्या नोंदी, पैसेवारीचा जाहीर आकडा, पीक पाहणी, नुकसानीचा पंचनामा. जुलैत तीन आठवडे पाऊस नाही, ज्वारी पोटरीत वाळली, बोंडअळीने शेवटच्या वेचण्या गेल्या, हे सगळे सरकारी दप्तरात लिहिलेले असते. ते मागून घ्या आणि जपून ठेवा. पाऊस न पडणे हा शेतकऱ्याचा गुन्हा नाही, हे कायद्यालाही मान्य आहे. आपल्यालाच मान्य होत नाही, आपण शरमेने खचतो. व्यापारी नादार झाला तर दोन वर्षांत नव्या नावाने पाटी लावतो. शेतकरी मात्र नाक कापले गेले म्हणून घरात तोंड लपवतो, आणि पुढे काय होते ते आम्ही या व्यासपीठावर नव्याने सांगायला नको.

म्हणून एक विनंती. हे कागद उघड आहेत याचा अर्थ चावडीवर वाचून हसायचे असा नाही. फसवणाऱ्याची फाइल येणे वसूल करण्यासाठी उघडा. पिचलेल्या शेजाऱ्याची फाइल निघाली तर त्याच्या बाजूने उभे राहण्यासाठी उघडा.

गावाने काय करायचे

एक. कच्च्या चिठ्ठीवर कापूस देणे बंद. तारीख, वजन, भाव, एकूण रक्कम, पूर्ण नाव आणि सही असलेली काटापट्टी घ्या. त्याच दिवशी मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा.

दोन. गाडी भरण्यापूर्वी व्यापाऱ्याचे नाव ई-कोर्ट्सवर टाकून बघा. त्याच्यावर आधीच वसुलीचे दहा दावे असतील तर पाच-पंचवीस रुपये कमी भाव देणारा रोखीचा गिऱ्हाईक बरा.

तीन. दर गावात दोन माणसे नेमा, त्यात एक मुलगी असू द्या. बहुतेक गावांत मुलींचे अक्षर आणि चिकाटी दोन्ही बरी असतात. व्यापारी बुडाला की आठ दिवसांत सगळ्यांच्या चिठ्ठ्यांची एक यादी तयार व्हावी.

चार. तालुका शाखेने ओळखीच्या वकिलाकडून प्रतिज्ञापत्राचा आणि नकलेच्या अर्जाचा एकेक नमुना मराठीत करून घ्यावा. पुढच्या बैठकीत तो वाटला जाईल.

पाच. हंगाम सुरू झाल्यापासून दर पंधरवड्याला जाहीर सूचनांचे पान कुणीतरी वाचावे. आपण भाव वाचतो आणि पान उलटतो. पुढच्याच पानावर आपल्या पैशाची शेवटची तारीख छापलेली असते.

याने बुडालेला रुपया पुरता परत येईल असे आम्ही सांगत नाही. वीस पैसे येतील, कधी पन्नास येतील, कधी काहीच येणार नाही. पण कागद वाचणाऱ्या गावाला पुढच्या हंगामात बुडवायला येणारा माणूस दोनदा विचार करील. कापसाला रास्त भाव मिळवण्याची लढाई चालूच आहे. ठरलेला भाव तरी हाती पडावा, ही त्याच्या अलीकडची लढाई आहे, आणि ती जिल्ह्याच्या ठिकाणी, नक्कल विभागाच्या खिडकीशी लढता येते. पुढच्या महिन्याच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या बुडालेल्या चिठ्ठ्यांची यादी घेऊन यावे. तिथून कामाला लागू.